फाटकावरचे उघडे कुलूप

मित्रांनो, रस्त्याने जाताना तुमचे माझ्याकडे लक्षही जाणार नाही. मी एका शेताचे जुने लाकडी फाटक आहे. रंग कधीच उडाला, खालची फळी झिजली. पण माझ्या कोयंड्यात एक उघडे कुलूप लटकते आहे, त्याची हकिकत तुम्हाला सांगावीशी वाटते.

मला शेताच्या मालकांनी स्वतः घडवले. ते ताडमाड उंच, म्हणून कडीही उंचावर बसली. मागे शेजारच्या काकांचे शेत होते. गाडी घेऊन रस्त्याला लागायचे तर जवळची वाट माझ्यातूनच होती. काका बुटके, कडी काढायला टाचा वर करत.

"फाटक केलंत की शिडी?" ते विचारत.

"तुम्हीच जरा वाढा की!" मालक म्हणत, आणि दोघे हसत.

वर्षातून एक दिवस मात्र मालक मला कुलूप लावत. वाट आपल्या मर्जीची आहे, हे कुणी विसरू नये म्हणून. सतत उघडी राहिलेली वाट जाणाऱ्याच्या हक्काची होते, असे वकिलाने सांगितले होते. त्या दिवशी काका मुकाट्याने ओढ्याकडून वळसा घेत.

एका वर्षी नेमक्या त्याच दिवशी काकू शिडीवरून पडल्या. काकांनी त्यांना हातगाडीवर घालून माझ्यापर्यंत आणले, हाका मारल्या. मालक बाजाराला गेलेले, किल्ली त्यांच्या खिशात. गाडी ओढ्याकडे वळली. काकू वाचल्या, पण उशिरामुळे पाय कायमचा अधू झाला.

मालक परतल्यावर त्यांना हे कळले. त्यांनी कुलूप काढून कोयंड्यात उघडेच अडकवले. मग काकांच्या बाजूने, काकांच्या छातीच्या उंचीवर, दुसरी कडी ठोकली. आठ वर्षांची लेक तळहातावर खिळे धरून उभी होती.

"बाबा, कुलूप घरात ठेवू?"

"राहू दे इथंच. मला दिसायला हवं."

त्यानंतर दरवर्षी त्याच दिवशी ते तेलाची बुधली घेऊन येत आणि माझ्या बिजागऱ्यांना तेल घालत. मी कधी कुरकुरले नाही.

यंदा मालक वारले. तो दिवस गेला, कुणी आले नाही. माझ्या बिजागऱ्या कुरकुरू लागल्या.

मग एके सकाळी मालकांचा मुलगा, लेक आणि मोजणीदार आले. जमीन विकायची होती, आणि घेणाऱ्याला मधून कुणाची वाट नको होती. म्हातारे काका पलीकडे उभे होते.

"वाट आमच्या मर्जीची," मुलगा म्हणाला. तो लहानपणापासून शिकायला बाहेर होता. "बाबा दरवर्षी कुलूप लावायचे. हे बघा, आहे अजून."

"मग लावून दाखव, दादा," लेक शांतपणे म्हणाली.

त्याने दाबले. दोन्ही हातांनी दाबले. कुलूप उघडेच गंजून बसले होते.

"वीस-पंचवीस वर्षं तरी हे लागलेलं नाही," मोजणीदार म्हणाले. "इतकी वर्षं न विचारता वापरलेली वाट मला नकाशावर दाखवावी लागेल."

मुलाची नजर खालच्या कडीवर गेली. "ही कुणी बसवली?"

"बाबांनी. खिळे मी धरले होते."

त्याने ती कडी एकदा काढून परत लावून पाहिली. मग म्हणाला, "दाखवा वाट. घेणाऱ्याला मी सांगतो."

काकांनी कडी काढली. टाचा वर कराव्या लागल्या नाहीत. "आता 'फाटक की शिडी' म्हणून चिडवायचं कुणाला?" एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लेक तेलाची तीच बुधली घेऊन आली.

मित्रांनो, माझ्यातून खुशाल जा. गेल्यावर मला ओढून घ्या, गुरे आत शिरतात. जमलेच तर बिजागऱ्यांना दोन थेंब तेल घाला. कुलपाला मात्र घालू नका.