कराडहून न उतरलेली नोंद

दगडाबाई वाचली ती सुनेच्या तोंडामुळं. पलूसच्या या म्हातारीला कराडच्या दवाखान्याच्या सांगली शाखेत सुई टोचली, आणि बघता बघता तिचं तोंड सुजलं, श्वास अडकला. "आवं, तिला ह्ये औषध चालत न्हाई! कराडात लिवून दिलंय की!" सून संयोगितानं वॉर्ड डोक्यावर घेतला, तेव्हा डॉक्टर धावले.

विश्रामबागेतल्या त्या शाखेचे संगणक त्रिशला सांभाळायची. कराडच्या मुख्य दवाखान्यात लिहिलेलं आपोआप सांगलीला उतरतं, असं सगळे धरून चालले होते. तिनं दोन्हीकडचं पान शेजारी शेजारी उघडलं. कराडला दगडाबाईच्या नावापुढं ॲलर्जीची लाल सूचना, सांगलीला रकाना कोरा. असे कोरे रकाने शेकड्यांनी निघाले.

ही करणी होती यशराजची. कराडचा संगणक विभाग त्याच्या हाताखाली. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सांगलीत चांगली खोली मिळावी म्हणून गेला आठवडा फोनवर फोन करणारा तो हाच. लाइन तुंबते म्हणून त्यानं सांगलीला उतरणाऱ्या या नकलेला चाळणी लावली होती: रुग्णांचा डेटाबेस तेवढा सांगलीला जाऊ दे, औषध भांडाराचा नको. ऐकायला शहाणपणाचं. पण ती चाळणी कुठल्या पानावर लिहिलं ते बघतच नव्हती, कुठं बसून लिहिलं ते बघत होती. आणि कराडात ॲलर्जी लिहायचे ते औषध देणारे कर्मचारी, भांडाराच्या डेटाबेसात बसून, तिथूनच रुग्णाच्या पानावर. चाळणीनं तो भांडाराचा माल समजून टाकून दिला. कुठं चूक दाखवली नाही, की तक्रार केली नाही. नक्कल चालू असल्याचा हिरवा दिवा आपला सुखात जळत होता. त्रिशलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं फोन लावला.

"चाळणी काढा, झालं की," यशराज म्हणाला.

"गळालेलं त्यानं परत येत न्हाई, साहेब. कराड जरा वेळ थांबवा. सगळी नक्कल नव्यानं घ्यायला पायजे."

"ओपीडी थांबवू? एका म्हातारीपायी? तुमच्या वॉर्डाला पेशंटला विचारायला तोंड न्हाई व्हय? खापर माझ्यावर फोडू नका, मॅडम. रविवारी बघू."

"बेशुद्ध माणसाला काय विचारू?"

"रविवारी म्हटलं न्हवं!"

असल्या माणसाशी गोड बोलून उपयोग नसतो.

"शालूबाईंचं पान उघडलंय," त्रिशला म्हणाली. "तुमच्या आईचं. उद्या ऑपरेशन हाय न्हवं? कराडला लाल सूचना हाय. इथं काय बी उतरलेलं न्हाई."



"थांबवतो कराड. आत्ता थांबवतो," यशराजचा आवाज पार बसला होता. "पण आईचं तेवढं आधी हातानं भरा. पाया पडतो."

"दगडाबाईच्या मागं लायनीत हायत त्या," ती म्हणाली आणि फोन आपटला.

शालूबाईंची सूचना तिनं फोन लावायच्या आधीच भरून ठेवली होती. ते त्याला सांगायची तिला गरज वाटली नाही.