रुम्मान फाट्याच्या सात सीटा

ऐन तूत गावाच्या अड्ड्यावर कुणी बस सुटायची वेळ विचारली असती, तर लोक तोंडावर हसले असते. वेळ कसली? बस भरली की सुटते. बावीस सीटची कोस्टर मिनीबस, आणि बाविसावी सीट भरेपर्यंत ती जागची हलायची नाही. कधी सव्वासहा, कधी सात, कधी साडेसात. ड्रायव्हर खलफ, ज्याला सगळे अबू सख्र म्हणत, तो चहाचा पेला घेऊन टायरपाशी उभा राहायचा. त्याचा मेहुणा शिहादा कंडक्टर. मिशा पांढऱ्या झाल्या, पण रोज तोच ओरडा, "इर्बिद, इर्बिद! एकच सीट राहिली!" ही एकच सीट अर्धा अर्धा तास राहायची. खोटं बोलायला सुद्धा काही मर्यादा असते, पण शिहादाला ती कुणी शिकवलीच नव्हती.

बरं, एकदाची बस भरून निघाली की पुढच्या लोकांचं काय? सहा किलोमीटरवर रुम्मान फाटा. तिथे रोज सात-आठ बाया उभ्या असत, आणि भरलेली बस त्यांच्यासमोरून पों पों करत निघून जाई. हॉर्न तेवढा न चुकता वाजवायचा. काय ती माणुसकी!

या बायांमध्ये रिहाब होती. लग्न होऊन फाट्यावर सासरी आलेली, नवरा सैन्यात दूर दक्षिणेला, आणि हिने हट्टाने इर्बिद शहरातल्या इस्पितळात नर्सिंगचा कोर्स धरलेला. साडेसातला हजेरी. महिन्याभरात दोनदा उशीर झाला होता. चौथ्यांदा झाला तर नाव काढणार, असं मुख्य नर्सबाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

रिहाबची आई इंतिसार ऐन तूतला राहायची. थोरल्या मुलाच्या नावावरून गाव तिला उम्म हैसम म्हणे. बाई साठीची, गुडघे कुरकुरणारे, पण डोकं असं की भल्याभल्यांनी हात टेकावे. एका सोमवारी ती पहाटेच अड्ड्यावर गेली, इर्बिदपर्यंतचं तिकीट काढलं आणि बसली खिडकीपाशी. फाटा आला तशी उठून ओरडली, "थांबव रे! मी उतरतेय. माझ्या जागी माझी मुलगी बसेल."

शिहादाचे डोळे कपाळात गेले. "उम्म हैसम, सीट काय आहेरात दिलीस का पोरीला?"

"तिकीट इर्बिदचं काढलंय. अर्ध्या रस्त्यात मी बसले, अर्ध्यात ती बसेल. तुझ्या बापाचं काय जातं?"

त्याच्या बापाचं काहीच जात नव्हतं. रिहाब बसली, बस गेली, आणि इंतिसार रस्त्याच्या कडेला उभी राहून एवढी खूश झाली की तिने फाट्यावरच्या बेकरीतून जातर मसाला लावलेली गरम रोटी घेतली आणि तिथेच उभ्याने खाल्ली. मंगळवारी तेच केलं. बुधवारी मात्र रोटी घशाखाली उतरेना. कारण शेजारी लुबना मास्तरीण उभी होती, सातवा महिना लागलेला, एक हात कमरेवर. बस गेली त्या दिशेला बघत ती म्हणाली, "रिहाब नशिबाची हो, उम्म हैसम." टोमणा मारला असता तर इंतिसारने परतवला असता. पण पोरगी मनापासून बोलली होती. इंतिसारला इतकी लाज वाटली की तिने उरलेली रोटी कोंबड्यांना टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज संपवून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्यांना तिने मशिदीच्या दारातच गाठलं. निवृत्त हेडमास्तर फव्वाज सर, लोहार अबू दीब, आणि आणखी दोघे. "घरी जाऊन काय करणार? सुनांच्या पायात येणार. त्यापेक्षा चला माझ्याबरोबर." गेले बिचारे. बस दहा मिनिटं आधीच भरली, अबू सख्र खुशीत आला, आणि फाट्यावर सगळेच्या सगळे खाली उतरले. बाया आनंदाने वर चढल्या.

आणि तिथेच घोळ झाला.

म्हातारे आपापल्या मर्जीने बसले होते, कुणी खिडकी बघून, कुणी हीटर बघून. ते उठले तेव्हा रिकाम्या झालेल्या प्रत्येक सीटशेजारी एकेक अनोळखी बाप्या उरला. आता अनोळखी बाप्याच्या मांडीला मांडी लावून कुठली बाई बसेल? एकही बसेना. शिहादा लागला माणसं हलवायला. "भाऊ, तू मागे जा. चाचा, तुम्ही पुढे या. नाही, तुम्ही नाही, टोपीवाले चाचा!" टोपीवाल्याच्या मांडीवर कोंबडीच्या पिलांचा खोका. एक कॉलेजकुमार तीन वेळा उठला, तीन वेळा बसला, आणि शेवटी पहिल्याच जागी येऊन पोचला. या सगळ्यात वीस मिनिटं गेली. रिहाबच्या नावापुढे तिसरी लाल खूण पडली.

संध्याकाळी ती आईकडे येऊन रडली आणि भांडलीही. "तुझ्या मंडळाने माझं वाटोळं केलं! आता एकदा जरी उशीर झाला ना, तर संपलं सगळं. दोन वर्षं पाण्यात!"

"मी करते काहीतरी," इंतिसार म्हणाली. आणि त्याच रात्री तिने फव्वाज सरांचं दार ठोठावलं.

केलं काय, तर फव्वाज सरांनी शाळेतल्या परीक्षेसारखी बैठकीची आखणी केली. जोडसीट घ्यायची ती दोघांनी मिळून घ्यायची, म्हणजे उठतानाही जोडीनेच रिकामी होईल. एकट्याची सीट सातव्या माणसाला. बायांच्या बाजूने हज करून आलेली म्हातारी हज्जा सुबहिया आणि तिची जाऊ सामील झाल्या. दोघी एकमेकींशी अकरा वर्षं बोलत नव्हत्या, आता रोज खांद्याला खांदा लावून बसायची वेळ आली. चौथ्या दिवशी बोलल्या. पाचव्या दिवशी सर म्हणाले, "बायांनो, पुन्हा अबोला धरता का जरा?"

गावाने त्यांना 'जागाधरू मंडळ' म्हणायला सुरुवात केली. म्हणेनात का! सात माणसं रोज सहा वीसच्या आत बस भरायची आणि फाट्यावर सात बायांना सीट देऊन उतरायची. मग बेकरीपाशी रोटी, चहा, जगाच्या उखाळ्यापाखाळ्या. इर्बिदहून रिकामी येणारी बस त्यांना फुकट परत आणायची. अबू दीबची साखर उतरली, हज्जाची पाठ दुखायची थांबली. इतकी मजा त्यांना गेल्या दहा वर्षांत आली नव्हती, हे खरं सांगायला कुणी लाजत नव्हतं.

पण या मजेतही इंतिसार फाट्यावरच्या पोरींना विसरली नव्हती. एके दिवशी चहा पिताना ती म्हणाली, "अबू दीब कालच तापाने पडला होता, तर एक बाई राहिली. उद्या माझे गुडघे गेले तर? त्या पोरींनी आपल्या गुडघ्यांच्या भरवशावर नोकऱ्या करायच्या का? बस वेळेवर सुटायलाच पाहिजे. भरो न भरो. आणि वाटेतल्या माणसाला जागा मिळायलाच पाहिजे, तोही याच देशाचा आहे."

मंडळाने सह्या गोळा केल्या. तीनशेवर झाल्या, अंगठे धरून. सगळे मिळून इर्बिदच्या वाहतूक कचेरीत गेले. तिथले साहेब, मुअय्यद नावाचे, टाय घट्ट बांधलेले, सभ्य माणूस. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "बस वेळेवर सुटते, कारण तुम्ही ती भरता. तुम्ही नसलात तर ड्रायव्हर रिकाम्या सीटा घेऊन निघेल का? गुरुवारी मी स्वतः येतो. तुमच्यापैकी कुणीही चढायचं नाही. आपणहून निघाला आणि सीटा वाटेत भरल्या, तर या रस्त्याला वेळापत्रक लावतो. नाही निघाला, तर काका, मावशी, पुन्हा हा अर्ज आणू नका."

अबू सख्रला विचारलं. त्याने चहा संपवला, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "बघू."

नेमकी गुरुवारीच रिहाबची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा. साहेबांची अट कळली तशी तिच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, मला शब्द दे. सहा वीसला नाही सुटली, तर तुम्ही चढायचं आणि बस भरायची. साहेब गेला उडत!"

"दिला शब्द," इंतिसार म्हणाली. आईने दुसरं काय म्हणायचं असतं?

गुरुवारी सकाळी थंडी मी म्हणत होती. मुअय्यद साहेब ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर घड्याळ बघत बसले. त्यांना धरून पंधरा माणसं झाली, सात सीटा रिकाम्या. जागाधरू मंडळ अड्ड्याच्या बाकावर ओळीने बसलेलं, लग्नघरात जेवायचं बोलावणं न आलेल्या पाहुण्यांसारखं. सहा वीस झाले. अबू सख्र टायरपाशी पेला घेऊन उभाच. एकवीस झाले. बावीस झाले.

"एकोणीस वर्षं झाली," तो स्वतःशीच पुटपुटला, "एक सीट रिकामी घेऊन निघालो नाही. आणि आज सात!"

इंतिसारच्या हातातला फोन वाजला. रिहाब. "सुटली?"

"सुटतेय," इंतिसार म्हणाली आणि फोन बंद केला.

"चढूया का?" सरांनी हळूच विचारलं. सहाही जणांनी तिच्याकडे बघितलं. ती उठली. बसच्या दारापाशी गेली. एक पाय पायरीवर ठेवला. आता फक्त दुसरा पाय वर घ्यायचा, मागून सहा जण येतील, बस आत्ता निघेल, पोरीची परीक्षा वाचेल. साहेबांनी घड्याळावरून नजर काढून तिच्याकडे बघितलं. आणि तिला लुबना आठवली. बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, पुढच्या महिन्यात पुन्हा फाट्यावर उभी राहणार होती. तिची आई काही ऐन तूतला राहत नव्हती. फाट्यावरच्या बहुतेकींच्या आया ऐन तूतला राहत नव्हत्या. इंतिसारला स्वतःचा राग आला, साहेबाचा आला, त्या पायरीचासुद्धा आला. डोळ्यांत पाणी आलं. तिने पाय खाली घेतला.

ती तशीच बसला वळसा घालून अबू सख्रपुढे जाऊन उभी राहिली. "अबू सख्र, त्या सीटा रिकाम्या आहेत असं तुला कुणी सांगितलं? पहिलीवर सलमा बसलीय, पिठाच्या गिरणीत हिशेब बघते ती. दुसरीवर जुमाना, डोळ्यांच्या डॉक्टरकडची. तिसरीवर शिवणवाली बद्रिया. चौथीवर माझी रिहाब, जिची आज परीक्षा आहे. सगळ्यांची नावं सांगू का? एकोणीस वर्षं तू हॉर्न वाजवून त्यांच्या तोंडावरून जातोस. त्या तिथे उभ्या आहेत आत्ता. थंडीत."

अबू सख्रने पेल्यात बघितलं. "मला ओळख करून देतेस होय?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बद्रिया माझ्या मुलीच्या वर्गात होती." मग पेला सरांच्या हातात कोंबला आणि टुणकन वर चढला. "शिहादा! दार लाव!"

शिहादा गडबडला आणि सवयीने ओरडला, "एकच सीट राहिली!"

अख्खी बस खो खो हसली. साहेबही हसले, टाय सैल करून. सहा चोवीसला, सात रिकाम्या सीटांसह, ऐन तूतची बस सुटली. हज्जा सुबहियाने बाकावर उभं राहून अशी काही आनंदाची लकेर मारली की अड्ड्यावरचा चहावाला धावत बाहेर आला.

मग उरलं वाट बघणं. इंतिसार फोन मुठीत धरून बसली. नऊ मिनिटं लागायची फाट्याला. बारा झाली. फोन वाजला.

"तू चढली नाहीस," रिहाब म्हणाली.

"नाही चढले. शब्द मोडला मी."

पलीकडे फक्त इंजिनाचा आवाज. इंतिसारला वाटलं, पोरगी आता कधी बोलायची नाही आपल्याशी.

"आई," रिहाबचा आवाज कापत होता, आणि मग लक्षात आलं की ती हसतेय. "आई, बस थांबली. आमच्यासमोर थांबली गं, रिकामी! आम्हाला कळेचना काय करायचं. बद्रिया म्हणाली, बिघडली वाटतं. अबू सख्र ओरडला, चढा की, की आमंत्रणपत्रिका छापू? आम्ही सहाजणी चढलो. सलमा आज आली नाही. साहेबाने त्याला विचारलं, शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर रविवारी किती वाजता सुटणार? तो म्हणाला, सहा वीसला, आता काय रोज रोज विचारणार का? साहेबाने लिहून घेतलं, आई! मी बघितलं."

इंतिसारला रडू आवरेना. तिने फोन बाजूला धरून सगळ्यांना ओरडून सांगितलं, आणि अबू दीबने सरांना मिठी मारून त्यांचा चष्मा वाकडा केला. "आणि तू? पोचशील ना वेळेत?"

"आरामात पोचते. आणि ऐक ना, मला एकटीला अख्खी जोडसीट मिळालीय. शेजारी कुणीच नाही. पिशवी ठेवलीय मी सीटवर, मंत्र्याच्या बायकोसारखी ऐसपैस बसलेय!"

इंतिसारने ओढणीने डोळे पुसले.

"पिशवी मांडीवर घे, रिहाब," ती म्हणाली. "पुढच्या स्टॉपवर कुणीतरी उभं असेल."