भरलेली बाटली

लवंगीची आई क्रेन चालवायची. रस्त्यावरून फिरणारी छोटी क्रेन नव्हे. नदीकाठी रोवलेली, टोक बघायला गेलं तर डोक्यावरची टोपी मागे पडेल एवढी उंच. वर काचेची एवढीशी खोली होती आणि त्या खोलीत आई बसायची. शाळेत कुणाचे आईवडील काय करतात यावरून चढाओढ लागली, की लवंगी शेवटपर्यंत गप्प राहायची आणि मग सावकाश म्हणायची, "माझी आई तुमच्या सगळ्यांच्या आईबाबांच्या वर बसते." त्यापुढे कुणाची मजल जाणार!

तिचं नाव खरं दुसरंच होतं. पण अंगानं एवढीशी आणि जिभेनं तिखट, म्हणून घरादारानं तिला लवंगी करून टाकलं होतं.

रोज सकाळी आईची पाण्याची बाटली भरणं हे लवंगीचं काम. संध्याकाळी ती बाटली जशीच्या तशी, जड, परत यायची. पाणी फेकून द्यायचं तिच्या जिवावर येई. मग ती ते खिडकीतल्या कुंडीत ओतायची. कुंडीतलं रोप असं माजलं होतं, की त्याची पानं तिच्या तळहातापेक्षा मोठी झाली होती.

आई मात्र दिवसेंदिवस सुकत चालली होती. घरी आली की डोकं धरून बसायची. एकदा तर पायातले बूटही न काढता खुर्चीतच झोपून गेली. ते पाहून मावशीनं कंबर कसली आणि एका आहारतज्ज्ञ बाईंची वेळ ठरवून टाकली.

"ती मला गवत खायला लावणार," आई कुरकुरली.

"गवत खाऊन घोडे धावतात," मावशी म्हणाली. "तू आधी चालून तर दाखव."

"पुढच्या आठवड्यात पुलाची शेवटची तुळई ठेवायची आहे. आत्ताच कशाला ही भानगड?"

ती तुळई म्हणजे लवंगीचाही जीव की प्राण होती. नदीवरचा तो पायी जायचा पूल पुरा झाला, की शाळेत जाताना मोठा वळसा पडणार नव्हता. शेवटची तुळई आई ठेवणार, हे तिनं वर्गभर सांगून ठेवलं होतं. बघायला अख्खा वर्ग येणार होता.

आहारतज्ज्ञ बाईंकडे लवंगी आईबरोबर गेली. तिला वाटलं होतं, आत गेल्या गेल्या आईला वजनकाट्यावर उभं करतील, मग 'हे खाऊ नका, ते खाऊ नका' म्हणून कान टोचतील. तसं काहीच झालं नाही. वजनकाटा कोपऱ्यात निमूट बसून होता. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "तुमचा दिवस मला सांगा. उठल्यावर पोटात पहिलं काय जातं?"

"राग," आई म्हणाली.

बाई खळखळून हसल्या. "आणि रागावर काय पिता?"

"चहा. चढायच्या आधी आणि उतरल्यावर."

मग बाई विचारत गेल्या. झोप कशी लागते, औषधं कोणती चालू आहेत, घरात कुणाला कसला आजार आहे का; मावशीसुद्धा आवाज खाली आणून विचारायची, असेही दोन प्रश्न त्यांनी सरळ विचारले. आईही उत्तरं देत गेली. पण पाण्याचं विचारताच ती झटकन म्हणाली, "पाणी ना? भरपूर पिते. बाटली घेऊनच जाते वर."

लवंगीनं खाली मान घातली. आईला खोटं पाडायचं, तेही परक्या माणसासमोर? पण तिची जीभ तिच्या ताब्यात थोडीच होती!

"ते पाणी आमचं रोप पितं," ती म्हणाली.

आईनं असे डोळे वटारले, की दुसरं कुणी असतं तर खुर्चीखाली शिरलं असतं. बाईंनी मात्र आवाज चढवला नाही की मान हलवली नाही. "ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं, ताई," त्या हळूच म्हणाल्या. "मी तुमची चूक शोधायला बसलेली नाही. का पीत नाही, एवढंच सांगा."

आई हाताचे घट्टे चोळायला लागली. मग म्हणाली, "प्यायलं की उतरावं लागतं. वर सोय नसते. शिडी उतरायची, पुन्हा चढायची, आणि तोवर खालची सगळी माणसं हात बांधून उभी. मी नवीन होते तेव्हा खालून म्हणायचे, 'बाई बसवलीय, आता घडोघडी उतरणार!' तेव्हा मनाशी ठरवलं, कामाची पाळी संपल्याशिवाय उतरायचं नाही. आजवर उतरले नाही."

हे सांगताना तिची मान ताठ झाली होती. लवंगीची छातीही फुगली.

"आणि वर असताना कधी चक्कर?" बाईंनी विचारलं.

आई अगदी हळू आवाजात म्हणाली, "गेल्या आठवड्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. क्रेनचा दोर रिकामा होता, म्हणून बरं. कुणाला बोलले नाही."

लवंगीनं आईची बाही धरली.

"मी डॉक्टर नाही," बाई म्हणाल्या. "चक्कर डॉक्टरांनी बघायची. आज चिठ्ठी देते, रक्त तपासून घ्या. ते हो म्हणेपर्यंत वर चढायचं नाही. काय खायचं ते आपण त्यानंतर ठरवू, तुमच्या क्रेनवर जमेल असंच."

"आणि तुळई?"

"ती तुमच्या मुकादमांना विचारा."

वाटेत आई झपझप पुढे चालत राहिली. घर आलं तशी लवंगी मुसमुसायला लागली. "माझ्यामुळे तुझी जागा जाणार ना?"

आई दारातच थांबली. "जागा गेलीच तर माझ्या हट्टानं जाईल, तुझ्या जिभेनं नाही," ती म्हणाली. "उद्या ये माझ्याबरोबर. जे तुझ्यापुढे कबूल केलं, ते मुकादमापुढेही तुझ्यासमोरच करते."

मुकादमाला सगळे भोंगा म्हणत. तो कुजबुजला तरी नदीच्या पलीकडे ऐकू जाई. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि भोंगा वाजला.

"अंधारी आली आणि मला सांगितलं नाहीस? खाली माझी माणसं होती! दोर रिकामा नसता तर?"

आईनं मान खाली घातली. "चुकलं माझं. दुसऱ्या कुणाला बसवणार असाल, तर बसवा."

"बसवणारच. विटा उचलायला बसवतो." त्यानं खिडकीतून वर, क्रेनकडे बघितलं. "वारा सुटला की आपण काय करतो गं? काम बंद. वारा पडेपर्यंत चार-चार दिवस बसून राहतो आणि कुणी वाऱ्याला शिव्या देत नाही. मग क्रेन चालवणारीसाठी नाही थांबायचं? तुळई थांबेल. डॉक्टरांचा कागद आण, मग ये."

रक्त कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या भेटीत बाईंनी आईबरोबर बसून ठरवलं: चढण्याआधी पोटभर न्याहारी, डब्यात उकडलेली अंडी, केळी, शेंगदाणे, गोळीच्या आसपास चहा नाही, पाणी थोडं थोडं, आणि मधल्या वेळेला खाली उतरणं. गवताचं नाव निघालं नाही, यानं आईच जरा हिरमुसली. मावशीशी भांडायचं कारण गेलं ना!

पुढे डॉक्टरांनी होकार दिला, वाराही पडला, आणि तुळईचा दिवस उजाडला. कुंपणाबाहेर अख्खा वर्ग रांगेत उभा. खाली तुळईला साखळ्या बांधून तयार. भोंग्यानं शिट्टी तोंडाला लावली, आणि एवढ्यात वरचं दार उघडून आई शिडी उतरायला लागली.

"तुझी आई घाबरली!" मागून एकजण ओरडला.

लवंगी वळलीही नाही. "वजन उचलायच्या आधी उतरून येतेय," ती म्हणाली. "तुळई थांबते तिच्यासाठी. तुझ्यासाठी तर शाळेची घंटासुद्धा थांबत नाही."

खरंच सगळे थांबले होते. साखळी धरलेली माणसं, भोंगा, नदीतली नाव. कुणी हसलं नाही, कुणी काही बोललं नाही. आई आली, जाऊन आली, सगळ्यांसमोर बाटली तोंडाला लावली आणि पुन्हा चढली. मग ती अवजड तुळई जमिनीवरून उचलली गेली, जराही न झुलता नदीवर आली आणि आपल्या जागी अशी अलगद ठेवली गेली, जशी आई झोपलेल्या लवंगीला अंथरुणावर ठेवायची. वर्गानं टाळ्या वाजवल्या. लवंगीनं वाजवल्या नाहीत. तिचे हात कुंपणाच्या जाळीत घट्ट अडकले होते.

संध्याकाळी घरी येऊन बघते, तर खिडकीतलं रोप मान टाकून बसलेलं. इतके दिवस कुणाचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. लवंगीनं सवयीनं आईची बाटली घेतली आणि कुंडीवर उपडी केली.

एक थेंबही पडला नाही.

"आई!" ती हाक मारत आत पळाली. "रोपाला आता वेगळं पाणी घालावं लागणार!"