पडद्यावरचं तळं

आमचं तळं आटलं तेव्हा एबेलिन अजून आईच्या पाठीवरच्या कापडात होती. तिचे आजोबा सेवेरो जन्मभर त्याच तळ्यावर मासे धरत. आता तिथे नुसतं मीठ उडतं.

एबेलिन माझ्या वर्गात आली त्या वर्षी राजधानीहून शाळेला मोठा पडदा आला, सगळे धडे त्यातच. 'आपली सरोवरं' हा धडा लागायचा त्या दिवशी मी सेवेरो आजोबांना वर्गात बोलावलं. धुतलेला लोकरीचा पोंचो अंगावर घालून ते पुढच्या बाकावर बसले.

पडद्यावर निळंशार पाणी आलं, मागे बर्फाचे डोंगर.

"बाई, हे आमचं नव्हे," आजोबा म्हणाले. "आमचं पाणी मातकट. कमरेएवढं. डोंगर कुठले आलेत इथं?"

"आजोबा, खाली आपल्याच तळ्याचं नाव लिहिलंय की!" एबेलिन म्हणाली.

"माझ्या पाठीवर बिशप लिहिलं, तर मी बिशप होईन होय गं?"

पोरं खिदळली. एबेलिनचा चेहरा मात्र लाल झाला. "त्यांच्याकडे चित्र आहे. तुमच्याकडे काय आहे?"

आजोबा पोंचो सावरत उठले आणि घरी गेले.

मी राजधानीत, धडे पाठवणाऱ्या कचेरीला फोन केला. तिकडचा साहेब म्हणाला, "तुमच्या तळ्याचं बरं चित्रण मिळालंच नाही, बाई. पाणी ते पाणीच की!" परीक्षेत सगळ्यांनी बर्फाचे डोंगर लिहिले. उत्तरपत्रिका पडद्यानेच तपासल्या आणि सगळे पास झाले.

मग एका दुपारी शाळा सुटल्यावर आजोबा आले. "ते लावा जरा."

"ते आपलं नाही, आजोबा."

"ठाऊक आहे. पण पाणी तर आहे."

मग ते वरचेवर येऊ लागले. एबेलिन शेजारी बसायची.

हिवाळ्यात मी त्यांच्या घरी जेवायला गेले होते. शहरातून आलेल्या भाच्याला आजोबा सांगत होते, "पहाटे जाळं टाकायचो ना, तेव्हा बर्फाचे डोंगर पाण्यात दिसायचे. असे थरथरायचे!"

थट्टा करतायत का, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांची बायको पेत्रोना माझा दंड धरून मला अंगणात घेऊन गेली.

"अडवू नका त्यांना, बाई. खरं तळं आठवलं की ते जेवत नाहीत."

आत आजोबा दुसऱ्यांदा सूप मागत होते.