वाल्मिकच्या अल्बममधला धवला

माझ्या भावाच्या अल्बमचं खापर मी अजूनही त्याच्याच डोक्यावर फोडते. चूक त्याची नव्हती हे मला कळतं, पण कोणावर तरी फोडायला हवं.

वाल्मिक मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार. पाळी संपवून बाइकने कडावला घरी आला की दार लावून बसायचा. गिटार त्याची, ड्रम लॅपटॉपवरचे, रॅप त्याचाच, शिव्यांसकट. वर्षभर आम्ही ते सगळं भिंतीपलीकडून सोसलं. शेवटी त्याने अल्बम स्वतःच नेटवर टाकला, ‘जनरल शिफ्ट’ नावाचा. कंपनीतला वास, कधीही जाईल अशी नोकरी, आपल्याला कुत्रं विचारत नाही, असलं सगळं त्यात होतं. खोटं कशाला बोलू, काही गाणी ऐकून मला गलबलून आलं. ऐकली मात्र आम्ही चार-पाच जणांनीच.

पहिलं गाणं सुरू होतं ते आईच्या आवाजाने. आमची आई, सुंदरा, धवलारीण. लग्नातली विधीची गाणी, म्हणजे धवले, पंचक्रोशीत तीच म्हणायची. ती सुरू करेपर्यंत नवरीला हळद लागत नसे. भटजीसुद्धा तिच्यासाठी थांबलेले मी पाहिलेत. लग्नाशिवाय धवला म्हणायचा नाही हा तिचा नेम. म्हणून वाल्मिकने शेजारच्या नम्रताच्या हळदीत, आईला सांगूनच, तिचा आवाज रेकॉर्ड केला. अल्बम आला तेव्हा आईचे पाय जमिनीवर नव्हते. “माजा आवाज नेटवर आलाय गं,” म्हणत तिने ते गाणं अख्ख्या आळीला ऐकवलं, मागेल त्याला मोबाइलवर टाकून द्यायला लावलं.

ते गजालाही मिळालं. गजा म्हणजे आमच्याकडचा हळदीचा डीजे. त्याने वाल्मिकचे शब्द उडवले, आईचा आवाज तेवढा ठेवला आणि खाली बेंजोचा ठेका भरला. झालं, प्रत्येक मांडवात तेच. धवल्यात नवरीचं नाव गुंफायचं असतं. गजाच्या गाण्यात नवरी कोणीही असो, नाव नम्रताचंच. कोणाचं काही अडलं नाही. आईला बोलावणं येईनासं झालं, आणि तेही किती प्रेमाने! “काकी, तुमी कशाला घसा फोडता? तुमचा आवाज हाय ना आमच्याकडं.”

वाल्मिकने रागाच्या भरात अल्बम नेटवरून काढून टाकला आणि तसं गजाला जाऊन सांगितलं. गजा म्हणाला, “कसला अल्बम रं?”

माझं लग्न ठरलं तेव्हा मी सगळ्यांना बजावलं, आई धवला म्हणेल तरच मी पाटावर बसेन. आईचा चेहरा असा फुलला! तिने ठेवणीतलं लुगडं काढलं.

हळदीला गजाचे स्पीकर मी बंद करायला लावले. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि गायला लागली. आवाज जरा चिरकला, पण तोच होता. माझ्या अंगावर काटा आला. मग नवरीच्या नावाची जागा आली आणि आई म्हणाली, “नम्रता.”

आईने पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा नम्रताच आलं. गावातल्या स्पीकरांवरून ऐकून ऐकून तेच तिच्या तोंडात बसलं होतं. पोटच्या मुलीचं, माझं, अक्षदाचं नाव तिला त्या चालीत बसवता येईना. मग तिने सोडूनच दिलं. कोणी हसलं असतं तरी बरं झालं असतं. मावशीने, बिचारीने आईची लाज राखायला गजाला खूण केली. स्पीकर कडाडले, आईचा आवाज खणखणीत आला आणि पोरं नाचायला लागली.

वाल्मिक रडत आईजवळ आला. “आये, थांब, मी बंद करतो.”

“राहू दे रं,” आई म्हणाली. “त्यात मी चांगली गाते.”

तिने वाटीत बोटं बुडवली आणि स्पीकर नम्रताचं नाव घेत असताना मला हळद लावली.