सोमवारचं अपग्रेड

खोडाळ्यातल्या संस्थेच्या कार्यालयात एकच संगणक होता आणि त्यावर लिनक्स या मोफत संगणकप्रणालीची विकास शाखा चालत होती. म्हणजे अजून तपासणी सुरू असलेली आवृत्ती. कधी काय मोडेल याची हमी नाही. संगणक सांभाळणाऱ्या हेमंतने ती घेतली, कारण मराठी जोडाक्षरं तिच्यातच नीट उमटत. अपग्रेडचे नियम त्यानेच कागदावर लिहून भिंतीला चिकटवले होते: आधी सीडीवर प्रत काढायची, अपग्रेडमध्ये कोणते जुने प्रोग्राम उडवले जाणार ते वाचायचं, आणि काम अंगावर असताना हात लावायचा नाही.

सोमवारी, २४ एप्रिल २००६ रोजी, सकाळी दहाला त्याने तिन्ही मोडले.

मित्राने नाशिकहून नवी पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामचे संच, सीडीवर पाठवली होती. छपाईआधी अक्षरं आणखी सुबक दिसावीत, एवढाच मोह. उडवल्या जाणाऱ्या पॅकेजांची नावं पडद्यावर भराभर सरकली. त्याने न वाचताच ‘हो’ दाबलं. संगणक पुन्हा सुरू झाला तो नुसत्या मजकुराच्या काळ्या पडद्यावर. सूर्यमाळच्या सात पाड्यांची माहिती आत शाबूत होती, पण मराठी अक्षरं-आकड्यांच्या जागी नुसते चौकोन. वाचता येईना, छापताही येईना.

पाण्याच्या टँकरच्या मागणीचा अर्ज मंगळवारी पाचपर्यंत मोखाड्याच्या तहसील कार्यालयात पोचायचा होता. घरं, माणसं, गुरं, पाण्याचं अंतर हे सगळं संस्थेची कार्यकर्ती राही हिने चार दिवस पायी फिरून लिहून आणलं होतं. ते कागद हेमंतनेच चुलीत घालायला लावले होते. ‘संगणकात आहे ना,’ म्हणून.

“छापलं का, सर?” राहीने विचारलं.

“मध्येच वीज गेली. मशीन बसलं.”

झाडणारे शिपाई पुंजाकाका थांबले. “इन्व्हर्टरचं बटण मीच बंद केलं होतं. पंखा उगाच फिरत होता.”

“पंख्याची केवढी काळजी तुम्हाला, काका!” राही कडाडली. “आता सात पाडे कोण फिरणार?”

“मी जातो. माझ्या हातनं झालं.”

हेमंत कीबोर्ड पुसत राहिला.

साडेअकराला पुंजाकाका वही घेऊन जीपमध्ये बसले. हेमंत मागोमाग स्टँडवर आला.

“काका, वीज गेलीच नव्हती. तुमच्या बटणाने काही झालं नाही. मी मोडलं.”

पुंजाकाका वही मांडीवर ठेवत म्हणाले, “पोरीनं मला झापलं तेव्हा तुम्ही तिथंच होता.”

“हो.”

“मग आता मी उतरू का जाऊ?”

“मी जातो.”

“तुम्हाला पाडे कोण दाखवणार? चढा आत.”

पहिल्या पाड्यावर गौराबाई दारातच म्हणाली, “परवा राहीला समदं सांगितलं की. तिनं हरवलं काय?”

पुंजाकाकांनी वही उघडली आणि हेमंतच्या हातात दिली.

“तिने नाही. मी हरवलं,” हेमंत म्हणाला.

“तिला सांगितलंत?”

“अजून नाही.”

“माणसं सात,” गौराबाई म्हणाली. “लिहा.”

मंगळवारी पावणेपाचला हाताने लिहिलेला अर्ज मोखाड्यात दाखल झाला. त्यात पाचच पाडे होते. उरलेल्या दोन पाड्यांपर्यंत त्यांना वेळेत पोचताच आलं नव्हतं.

संध्याकाळी कार्यालयात हेमंतने राहीला सगळं सांगितलं. ते दोन पाडे कोणते, तेही. ती ओरडली नाही. आधी पुंजाकाकांसमोर जाऊन उभी राहिली.

“चुकलं माझं, काका.”

मग हेमंतकडे वळली.

“त्या दोन पाड्यांवर सांगायला कधी जाताय?”