धाकटा उंचवटा

माझ्या थोरल्या भावाने तुमचं काय वाकडं केलं होतं?

हे मी मेंढ्यांना विचारलं, वाऱ्याला विचारलं, फावडी घेऊन त्याच्या छातीवर चढलेल्या माणसांनाही विचारलं. मेंढ्या चरत राहिल्या, माणसं खणत राहिली. नका देऊ उत्तर. मी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाजणातला धाकटा उंचवटा बोलतोय, आणि मी गप्प बसणारा नाही.

आमचा जन्म टाकाऊ रेतीतला. लाज कसली? हजारएक वर्षांपूर्वी ऑर्डगर आणि त्याची बायको एल्फ्लेड उन्हाळाभर इथे मीठ करायची. उधाण ओसरलं की वरची खारट रेती खरवडायची, गवताच्या थरावर रचायची, वरून समुद्राचं पाणी ओतायचं. खाली गळेल ते शिशाच्या कढईत आटवायचं. आधी एल्फ्लेड त्यात अंडं सोडायची. तरंगलं तर पाणी पुरेसं खारट.

"तरंगलं का गं?"

"तुझ्या डोक्यासारखं! आत काही नाही, म्हणून वर!"

धुतलेली रेती बाजूला फेकायची, तिचा थोरला झाला. तो इतका वाढला की पाट्या वर नेताना ऑर्डगरची कंबर धरायची. मग त्याने चूल दुसरीकडे हलवली आणि जुन्या चुलीवरच रेती टाकायला लागला. तो मी. ती चूल अजून माझ्या पोटात आहे, भाजून लाल, दगडासारखी.

माणसं गेली, समुद्रापुढे बांध आला, खाजणाची शेतं झाली. आम्ही दोघं राहिलो. समुद्रावरचा वारा आधी तो अंगावर घ्यायचा, उरलेला मला.

मग शेत सेड्रिक आणि त्याच्या थोरल्या बहिणीकडे, मेबलकडे आलं.

"मेबलताई, ही कुबडं नांगराला आडवी येतात. मोठं कापून बांधाच्या खचलेल्या जागी घालू."

"आणि धाकटं?"

"ते पुढच्या वर्षी."

अरे, आमच्यातला चिकटपणा कधीच धुऊन गेलाय, आम्हाला पाणी अडवता येत नाही! मी ओरडत राहिलो. त्यांनी थोरल्याला गाड्यांत भरून नेलं.

हिवाळ्यात मोठं उधाण आलं, भर दुपारी. पाणी थोरल्यातून पाझरलं आणि बांध फुटला. मेंढ्या आधीच माझ्यावर चढल्या होत्या. मागून सेड्रिक धापा टाकत आला. मेबल अजून खाली, छातीभर पाण्यात.

"ताई, हात दे!"

"आधी पाय तर टेकू दे, गाढवा!"

तिच्या पायाखाली माझी रेती घसरत होती. घसरू दे, म्हटलं मी. कळू दे याला. तो पालथा पडून हात लांबवत ओरडायला लागला, "ताई! ताई!" अगदी असाच मी ओरडलो होतो.

पुढच्या वर्षी या, आणा फावडी. मी वाकणार नाही, माफही करणार नाही. पण त्या दुपारी मी त्या बाजूची सगळी रेती सोडून दिली, पोटातली ऑर्डगरची चूल उघडी केली, आणि तिच्या भाजलेल्या कडेवर मेबलचा पाय टेकवून घेतला.